लांब कापाची तयारी

मोठी नवी चेनसॉ खोक्यातून बाहेर येते तेव्हा ती दोन कामांना सज्ज असते: उभे झाड पाडणे आणि पडलेल्या झाडाचे आडवे तुकडे करणे. त्याच ओंडक्याच्या लांबीने फळ्या चिरायच्या म्हटले, तर ती अर्धीच तयार असते. उरलेली तयारी मालकाने करायची असते, आणि तिच्याविषयी यंत्रासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत फारसे काही लिहिलेले नसते. कोणती चेन लावावी, बारला जादा तेल कुठून द्यावे, कार्ब्युरेटर कुठवर फिरवावा, सायलेन्सरला हात लावावा की नाही, पहिला काप सरळ कसा घ्यावा, हे सगळे लोक एकमेकांना विचारत आणि करून पाहत शिकत आले. ते ज्ञान मराठीत एका जागी, कारणांसह यावे यासाठी हे पुस्तक.

पुढच्या प्रकरणांतले विषय वरवर पाहता सुटे सुटे वाटतील. त्यांना बांधणारी गोष्ट म्हणून आधीच सांगतो. चिरकामाच्या करवतीत जे जे बदल करायचे, त्यांचा हेतू जोर वाढवणे हा नाही. उष्णता कमी निर्माण व्हावी आणि झालेली लवकर बाहेर पडावी, हा आहे. धारदार चेन, भरपूर तेल, थोडे जास्त पेट्रोल, मोकळा सायलेन्सर आणि कापाच्या शेवटी दिलेली उसंत या पाचही गोष्टी एकाच शत्रूशी लढतात. हे ध्यानात असले की कोणता बदल आधी करायचा, कोणता नंतर आणि कोणता करायचाच नाही, याचा निर्णय आपोआप सोपा होतो.

आडवा काप आणि उभी चीर यांतला फरक मोजून पाहू. 60 सेंटिमीटर व्यासाचा ओंडका आडवा तोडला तर कापाचे क्षेत्रफळ भरते 0.28 चौरस मीटर. मोठी करवत ते मिनिटभराच्या आत संपवते. मग माणूस दोन पावले सरकतो, पुढची खूण करतो, आणि तेवढ्या वेळात इंजिन मंद चालत पंख्याच्या हवेने निवते. त्याच ओंडक्याची अडीच मीटर लांबीची चीर घेतली तर क्षेत्रफळ होते दीड चौरस मीटर, म्हणजे पाचपटीहून जास्त, आणि तेही मध्ये न थांबता. शिवाय बार ओंडक्यावर आडवा झोपलेला असल्याने दात तंतूंच्या टोकांना समोरून भिडतात. लाकडाची ही सर्वांत चिवट बाजू. सुतार रंधा मारताना फळीच्या टोकाला वेगळी पकड का घेतो, याचे कारणही हेच. त्यामुळे कठीण लाकडात एकेक चीर पाच ते दहा मिनिटे पूर्ण रेसवर चालते. ज्या यंत्राला तुकड्या-तुकड्याने श्वास घेण्याची सवय आहे, त्याला आपण एका दमात लांब पल्ला गाठायला सांगतो.

या पद्धतीची किंमतही इथेच सांगितली पाहिजे. चेनचा काप 9 ते 10 मिलिमीटर जाडीचा असतो. वर सांगितलेल्या एका चिरेत साधारण 14 लिटर घन लाकडाचा भुसा होतो. सॉ मिलमधल्या बँडसॉचा काप 2 मिलिमीटरच्या आसपास असतो. पाच सेंटिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या असतील तर बँडसॉ प्रत्येक फळीमागे सुमारे 4 टक्के लाकूड भुशात घालवते आणि चेनसॉ 16 टक्के. ज्याच्या दारात ट्रक येऊ शकतो आणि ज्याच्या गावाजवळ परवानाधारक सॉ मिल आहे, त्याने ओंडका तिकडे न्यावा. लाकूड वाचते आणि पाठही.

मग चेनसॉने चिरायचे कशाला? याचे उत्तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या वायव्य भागात मिळते. तिथे डग्लस फर आणि लाल सीडर यांचे बुंधे माणसाच्या उंचीहून जाड होऊ शकतात. किनाऱ्याजवळच्या कित्येक बेटांवर रस्ता नाही, आणि वादळात पडलेला बुंधा उचलायला क्रेन नेता येत नाही. ओंडका गिरणीकडे जाऊ शकत नाही म्हणून गिरणीच ओंडक्याकडे न्यावी लागते, तीही एका माणसाच्या खांद्यावरून. कॅलिफोर्नियातल्या ग्रॅनबर्ग कंपनीची अलास्कन मिल ही याच गरजेतून आलेली वस्तू. दिसायला ती अगदी साधी आहे: बारला दोन टोकांना पकडणारी ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यावर उंची कमी-जास्त करणारे दोन उभे दांडे. चौकट ओंडक्याच्या सपाट केलेल्या पाठीवरून सरकते, बार ठरलेल्या खोलीवर तिला समांतर चालतो आणि मागे फळी सुटते. याच किनाऱ्यावर काम करणाऱ्या विल मॅलॉफ यांनी 1982 साली ‘चेनसॉ लंबरमेकिंग’ हे पुस्तक लिहिले. बाजारातली चेन जशीच्या तशी न वापरता तिचे दात चिरकामासाठी नव्याने घासण्याचा विचार त्यात पद्धतशीर मांडलेला आहे. या विषयावर नंतर लिहिणाऱ्या प्रत्येकावर त्या पुस्तकाचे ऋण आहे. माझ्यावरही आहे.

यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहिला तर आजच्या करवतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. आंद्रेआस स्टिल यांनी जर्मनीत 1926 साली बनवलेली विजेची चेनसॉ 64 किलोची होती आणि ती उचलायला दोन माणसे लागत. 1929 ची पेट्रोलवरची करवत 46 किलोवर आली. 1959 च्या ‘कॉन्ट्रा’ मॉडेलचे वजन 12 किलोच्या आसपास होते. तिच्यात गिअर नव्हते. इंजिनाचे फिरणे थेट चेनला मिळत होते. आजच्या मोठ्या करवतींची मूळ रचना तीच आहे. पण वजन घटण्याइतकाच मोठा बदल दातात झाला. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातले लाकूडतोडे जो कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीचे जबडे निरखले. ती अळी डावी-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत तंतूंच्या उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सहज पुढे जात होती. तोच घाट पोलादात उतरवून त्यांनी 1947 साली नवी चेन विकायला काढली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या चेनच्या दातांचा घाट त्या जबड्यांचाच आहे.

आता करवत निवडण्याविषयी. इथे आकडे काळजीपूर्वक वाचले तर एक महत्त्वाची गोष्ट दिसते. स्टिलच्या एमएस 661 चे इंजिन 91.1 सीसीचे आणि 5.4 किलोवॉट ताकदीचे आहे. एमएस 881 चे इंजिन 121.6 सीसीचे, ताकद 6.4 किलोवॉट. म्हणजे इंजिनाचा आकार एक तृतीयांशाने वाढला, ताकद मात्र एक पंचमांशाहून कमी वाढली. हुस्कवार्नाची 3120 एक्सपीही 118.8 सीसीत 6.2 किलोवॉट देते. कारखान्याने या मोठ्या इंजिनांकडून दर सीसीमागे कमी काम मागितले आहे. ती थोड्या कमी फेऱ्यांवर, जास्त खेचाने चालतात आणि बराच वेळ भार सोसतात. चिरकामाला हवा असतो तो हाच स्वभाव. 60 ते 70 सेंटिमीटर रुंदीपर्यंतच्या ओंडक्यांना 90 सीसीची करवत पुरते. त्याहून रुंद लाकूड नेहमी चिरायचे असेल तर 120 सीसीच्या वर्गाला पर्याय नाही. लहान करवतीला लांब बार लावून भागवू, हा मोह टाळावा. ती कापेल, पण सतत दमलेली असेल, आणि दमलेले टू-स्ट्रोक इंजिन फार दिवस टिकत नाही.

टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला परक्या यंत्रावरून समजावण्याची गरज नाही. आकुर्डीत बनलेली चेतक स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांनी पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घातले आहे, प्लगवरचा काजळीचा थर पाहिला आहे, आणि भर उन्हात घाट चढताना इंजिन सीझ झाल्याचे अनेकांनी अनुभवलेही आहे. त्या स्कूटरचे इंजिन 145 सीसीचे होते; आपली मोठी करवत त्याच्या जवळपास जाते. चिरकाम म्हणजे तो घाट, आणि तो दर फळीला नव्याने चढायचा आहे. स्कूटरस्वार मध्ये थांबून इंजिन निवू देत असे. करवत चालवणाऱ्यालाही तेच शिकायचे आहे.

म्हणून पहिली शिस्त नव्या यंत्राची. आणली आणि थेट रुंद ओंडक्यावर चढवली, असे करू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायला पेट्रोलच्या काही टाक्या जाव्या लागतात. तोवर आडवे काप घ्यावेत, झाडाच्या फांद्या सोडवाव्यात, भार कमी-जास्त होऊ द्यावा. रिकामी करवत पूर्ण रेसवर धरून ठेवू नये. या काळात तिचा आवाज कानाला ओळखीचा होतो, आणि पुढे कार्ब्युरेटर लावताना हीच ओळख कामी येते.

बदलांची सुरुवात चेनपासून करावी, कारण सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फरक तिथे पडतो. आडव्या कापाच्या चेनमध्ये दाताच्या वरच्या पट्टीचा कोन 25 ते 35 अंश असतो. त्यामुळे दात सुरीसारखा तिरपा शिरतो. चिरकामाच्या चेनमध्ये तो कोन 10 अंशांच्या आसपास आणतात. आता दात तासणीच्या पात्यासारखा सरळ पुढे जातो, फळीचा पृष्ठभाग गुळगुळीत निघतो आणि बाजूला ओढ कमी बसते. वेग थोडा कमी होतो. तो सोडून द्यावा. प्रत्येक दातापुढे असलेला खोलीचा खुंट किती खाली ठेवायचा यावर दात किती जाड कपचा घेणार हे ठरते. खुंट फार घासला तर दात अधाशासारखा चावतो आणि इंजिन अडते. फार उंच राहिला तर चेन लाकूड न कापता नुसती घासत राहते आणि भुशाचे पीठ होते. डाव्या आणि उजव्या दातांची लांबी व कोन सारखे नसतील तर बार हळूहळू वर किंवा खाली वळतो, आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. ज्याला इंजिनाचा दोष समजून लोक गॅरेज गाठतात, तो पुष्कळदा कानशीचा दोष असतो.

बोथट चेन हाच उष्णतेचा पहिला स्रोत. म्हणून दर टाकीला दोन-तीन हलके हात कानस मारावी. घाणेरडी साल, माती, वाळू दात क्षणात मारतात. चिरण्याआधी साल सोलली किंवा कापाच्या रेषेवरची तरी खरवडली तर धार कितीतरी टिकते. चेनच्या पिचचा, म्हणजे कड्यांमधल्या अंतराचा, आणि स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा हिशोब पुस्तकात सविस्तर आहे. इथे एकच उदाहरण देतो. 3/8 इंच पिचच्या चेनला 7 दातांचे स्प्रॉकेट असेल आणि इंजिन भाराखाली मिनिटाला 9,000 फेऱ्या घेत असेल, तर चेन सेकंदाला 20 मीटर धावते. 8 दातांचे स्प्रॉकेट लावले की हाच वेग जवळपास 23 मीटर होतो, पण खेच तेवढाच घटतो. मऊ लाकडात आठ दात शोभतात. शिसव, बाभूळ किंवा वाळलेला सागवान समोर असेल तर सातच ठेवावेत.

चेननंतर बार आणि तेल. चौकटीच्या पकडी बारची 10 ते 15 सेंटिमीटर लांबी खातात, त्यामुळे 36 इंची बारवर प्रत्यक्षात पाऊण मीटरच्या आसपास रुंदीचेच लाकूड चिरता येते. बार घेताना हा हिशोब धरावा, पण गरजेपेक्षा लांब बारही घेऊ नये. लांब बार मध्यभागी झोल खातो, चेनचे घर्षण वाढते आणि तेल टोकापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेतच संपते. करवतीचा स्वतःचा तेलपंप आडव्या कापाच्या मापाने बसवलेला असतो. तो पूर्ण उघडूनही रुंद चिरेत बारच्या पुढच्या टोकाला कोरड पडते, रंग निळसर होतो आणि खाच झिजते. उपाय साधा आहे: चौकटीच्या दूरच्या टोकाला तेलाची बाटली, तिला बारीक तोटी आणि थेंब थेट चेनवर पडेल अशी नळी. तोटी काप सुरू करताना उघडायची, संपताच बंद करायची. या एका बदलाने बार आणि चेन दोन्हींचे आयुष्य वाढते. बारची एकच कड झिजू नये म्हणून बार अधूनमधून उलटा करून लावावा आणि कडांवर उठलेली धातूची धार सपाट कानशीने काढावी.

चौकट बसवताना सगळा जीव पहिल्या कापात असतो. ओंडक्याची पाठ गोल असते. चौकटीला सरकायला सपाट जमीन नसते. ती आपण तयार करून द्यायची. सरळ लोखंडी अँगल, पक्की ॲल्युमिनियमची शिडी किंवा निवडलेली सरळ फळी ओंडक्यावर बसवून स्क्रूने आवळतात. स्क्रू कापाच्या पातळीपर्यंत खाली जाणार नाहीत याची खात्री दोनदा करावी. दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून नजर लावली की पीळ आहे की नाही ते दिसते. पहिल्या कापात राहिलेला पीळ पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो, कारण दुसरी फळी पहिल्या कापावरूनच सरकत निघते. ओंडका किंचित उतारावर ठेवला तर करवतीचे वजनच तिला पुढे नेते आणि ढकलण्याचे कष्ट निम्म्याने वाचतात. काप थोडा पुढे गेला की मागे पाचरी ठोकाव्यात. नाहीतर फळी खाली बसते, बार चिमटला जातो आणि चेन अडते. अंगणातले, बांधावरचे झाड असेल तर आधी खिळे, तारा, कुंपणाचे कोयंडे शोधावेत. साधा धातुशोधक यंत्राच्या खर्चाच्या मानाने फार स्वस्त पडतो.

आता कार्ब्युरेटर. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण असेल तर इंजिन उसळून धावते, आवाज टणटणीत येतो, आणि माणसाला वाटते की करवत छान लागली. हीच सर्वांत धोक्याची अवस्था. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल हेच ऑइल आणते आणि आत वाफ होताना तेच उष्णता उचलते. म्हणून चिरकामासाठी जास्त फेऱ्यांचा स्क्रू थोडा उघडून मिश्रण दाट ठेवतात. रिकामी पूर्ण रेस दिली की आवाजात फरफर ऐकू यावी आणि लाकडात उतरताच ती जाऊन आवाज स्वच्छ व्हावा, ही खूण. हातात टॅकोमीटर असेल तर कारखान्याने दिलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा काही शे फेऱ्या खालीच थांबावे. अलीकडच्या काही करवतींत मिश्रण संगणक ठरवतो. तिथे स्क्रू नसतो आणि हात घालायची जागाही नसते. ऑइलचे प्रमाण वाढवले तर तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होते, म्हणून प्रमाण बदलले की कार्ब्युरेटर पुन्हा लावावा. भारतात पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या मापावर लावलेले मिश्रण रोडावते, शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते. आपल्या करवतीला किती इथेनॉल चालते ते माहितीपुस्तिकेत पाहावे आणि ऑइल मिसळलेले पेट्रोल साठवून ठेवू नये.

सायलेन्सरचा बदल सगळ्यांना सगळ्यांत आधी करावासा वाटतो. या पुस्तकात तो शेवटच्या प्रकरणांत आहे. अरुंद तोंडामुळे गरम वायू आत कोंडतात आणि सिलिंडरजवळ ताप साचतो, हे खरे. तोंड मोजून मोठे केले की तो ताप बाहेर पडतो आणि इंजिन मोकळे होते, हेही खरे. पण वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते. ज्याच्या कार्ब्युरेटरला तेवढे पेट्रोल वाढवून देण्याची सोय नाही, त्याने सायलेन्सरला हात लावणे म्हणजे उष्णता घालवायला जाऊन वाढवून ठेवणे. वॉरंटी जाते. अमेरिकेसारख्या देशांत प्रदूषणाच्या नियमांचाही भंग होतो. ठिणग्या अडवणारी जाळी तर कोणत्याही कारणाने काढू नये. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. तिथे एक ठिणगी वणव्याला पुरते. मोकळ्या केलेल्या तोंडातून निघणारा धूर चौकटीमागे उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर येत नाही ना, हेही पाहावे. सिलिंडरची छिद्रे घासून मोठी करणे, कॉम्प्रेशन वाढवणे असले शर्यतीचे बदल या कामात मुळीच करू नयेत. ते ताकद देतात आणि उष्णतेचा राखीव वाव खाऊन टाकतात.

यंत्र थंड ठेवण्याच्या नादात माणसाचा विसर पडू नये. पूर्ण रेसवरच्या मोठ्या करवतीचा आवाज कानाची शक्ती कायमची नेऊ शकतो. कंपनाने बोटांतला रक्तपुरवठा मंदावून ती पांढरी पडण्याचा विकार जडतो आणि जडल्यावर सहसा जात नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केले आहे, आणि चिरकामाची चेन नेमकी बारीक धूळ काढते. कानावर संरक्षण, नाकावर चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा, पायांत चेन अडवणारी विजार आणि जाड बूट: ही यादी यंत्राच्या किमतीतच धरावी. चेन तुटली तर ती ज्या रेषेत फेकली जाईल, त्या रेषेत कुणाला उभे राहू देऊ नये. प्रत्येक चिरेनंतर इंजिन अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवून मग बंद करावे. त्या वेळात आपलेही खांदे सैल सोडावेत, एअर फिल्टर झटकावा, चेनचा ताण तपासावा.

एक गोष्ट कायद्याची. चेनसॉने चिरकाम ही गरिबाची गिरणी आहे आणि म्हणूनच ती जंगलाच्या मुळावरही येऊ शकते. घानामध्ये 1998 पासून विक्रीसाठी असे लाकूड चिरण्यावर बंदी आहे, तरी तिथल्या घरगुती बाजारात या लाकडाचा मोठा वाटा राहिला. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाने परवाने देऊन आणि नोंद ठेवून याच कामाला मान्यता दिली. आपल्याकडे झाड तोडण्यासाठी 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आहे, लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर सॉ मिलवर कडक बंधने आली. आपल्याच वाडीतले पडलेले झाड चिरायचे असले तरी आधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. हे पुस्तक उभे झाड पाडण्यासाठी लिहिलेले नाही. ते पडलेल्या झाडासाठी आहे.

अशी झाडे आपल्याकडे कमी नाहीत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकणपट्टीला पुन्हा झोडपले. अशा वेळी आंब्या-फणसाचे जुने बुंधे तुकडे होऊन जळणात जातात, कारण अरुंद पाखाडीतून ओंडका रस्त्यापर्यंत आणणे कुणाला परवडत नाही. फणसाच्या पिवळ्या लाकडाच्या चौकटी आणि दारे कोकणातल्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. परवानगी घेऊन, जागेवर चिरून, टोकांना मेण लावून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचलेल्या फळ्या सावलीत वाळल्या, तर त्याच झाडातून त्याच घराचे दार पुन्हा होऊ शकते. दर इंच जाडीला वर्षभर वाळवण, हा जुना अंदाज हाताशी ठेवावा. मला हे काम मनापासून महत्त्वाचे वाटते, आणि ते घाईने बिघडताना पाहवत नाही, म्हणून एवढे लिहिले.

हे पुस्तक ज्याने आधी साधी चेनसॉ चालवली आहे त्याच्यासाठी आहे. ज्याने ती कधी हातात धरलेली नाही, त्याने आधी जाणत्या माणसाजवळ आडवे काप शिकावेत आणि मग इकडे यावे. प्रकरणांचा क्रम खर्चाच्या आणि धोक्याच्या चढत्या पायऱ्यांनी लावला आहे: आधी कानस आणि चेन, मग बार व तेल, मग चौकट आणि पहिला काप, त्यानंतर हवा, पेट्रोल, कार्ब्युरेटर, आणि सर्वांत शेवटी सायलेन्सर. प्रत्येक पायरीवर थांबून दोन-चार ओंडके चिरावेत आणि काय बदलले ते फळीवर हात फिरवून पाहावे. पुष्कळांना तिसऱ्या पायरीवरच समजेल की पुढच्या बदलांची त्यांना गरजच नव्हती. पहिले प्रकरण कानशीवर आहे. ते ओलांडून थेट कार्ब्युरेटरच्या पानावर जाणाऱ्याची करवत मोठ्याने गर्जेल, पण तिच्यातून सरळ फळी निघणार नाही.